जर्मनीत नवं बँक खातं: वर्षाचा खरा खर्च कसा काढायचा?

केतकीपान (स्टुटगार्ट)

दर ऑक्टोबरला हिवाळी सत्र सुरू झालं की आमच्या मराठी ग्रुपवर एकच प्रश्न येतो: "कुठली बँक फुकट आहे?" पाच मिनिटांत सात-आठ नावं पडतात. जो तो आपापल्या बँकेचं नाव सांगतो आणि विषय तिथेच संपतो. मला हे पटत नाही. सांगणाऱ्याचं वय, पगार, गाव आणि सवयी वेगळ्या, विचारणाऱ्याच्या वेगळ्या. एकाला फुकट पडणारं खातं दुसऱ्याला वर्षाला दोनशे युरोंना पडू शकतं. म्हणून हा धागा काढते आहे. बँकांची जाहिरात इथे नको, हिशोब कसा मांडायचा त्यावर बोलू.

आधी एक मोठा फरक. आपल्याकडे खात्यात किमान शिल्लक ठेवायची सवय असते. इथे शिल्लक किती आहे हे सहसा कोणी बघत नाही, महिन्याला बाहेरून किती पैसे आत आले ते बघतात. उदाहरणार्थ डीकेबी या ऑनलाइन बँकेची अट महिन्याला ७०० युरो आत येण्याची आहे. ती पाळली नाही तर महिना ४.५० युरो, पण २८ वर्षांच्या आतल्यांना ही अट नाही. अशी अट बऱ्याच बँकांची असते, आकडा प्रत्येकाचा निराळा. नोकरी असताना अट आपोआप पाळली जाते. नोकरी बदलताना दोन महिन्यांची फट पडली, किंवा पालकत्वाची रजा घेतली, की फी सुरू होते आणि कित्येकांना ती स्टेटमेंट बघेपर्यंत कळतही नाही.

महिन्याची फी ही फक्त पहिली ओळ. त्याखाली मी आणखी चार गोष्टी लिहून काढते: रोख पैसे कुठून आणि किती वेळा काढणार, कार्ड कुठलं आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, खातं उणे गेलं तर व्याज किती, आणि भारतात पैसे पाठवणार का. शेवटची बाब सगळ्यात महाग असते आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी विचारलं जातं.

साधा हिशोब करू. समजा तुम्ही महिन्याला ५०० युरो घरी पाठवता आणि बँक तुम्हाला बाजारभावापेक्षा दोन टक्के कमी दर देते. हे महिन्याला १० युरो, वर्षाला १२० युरो झाले. पावतीवर "फी ०" असं लिहिलेलं असलं तरी. आता ज्या खात्याला महिना ६.९० युरो फी आहे म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, त्याची वर्षाची फी होते ८२.८० युरो. तेव्हा कुठल्या ओळीवर आधी काम करायचं ते तुम्हीच ठरवा.

या सगळ्यासाठी एक कागद फार उपयोगी आहे, पण नवीन आलेले तो बघत नाहीत. ३१ ऑक्टोबर २०१८ पासून इथल्या बँकांना खातं उघडण्याआधी ग्राहकाला ठरावीक नमुन्यातला फीचा तक्ता द्यावा लागतो. त्याचं नाव एंटगेल्टइन्फोर्मात्सिओन. सगळ्या बँकांचा नमुना एकच, शब्दही तेच, त्यामुळे दोन बँकांचे तक्ते शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचता येतात. बँकेच्या संकेतस्थळावर तळाशी बारीक अक्षरांत पीडीएफ असते. जर्मन येत नसेल तरी चालतं, आकडे वाचता आले म्हणजे झालं. वर्षातून एकदा बँकेने तुमच्याकडून प्रत्यक्षात किती फी घेतली त्याचा हिशोबही द्यावा लागतो. तो फेकू नका.

सिंहगड_ते_आखेन

केतकीताई, एकदम वेळेवर धागा काढलात. मी मास्टर्ससाठी आलोय, वय २४. ब्लॉक अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, दर महिन्याला ९९२ युरो येतात. ते येण्यासाठी गिरोकोंटो, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं खातं, लागतं म्हणून घाईत काहीतरी उघडणार होतो. दोन शंका आहेत. ब्लॉक अकाउंटचे पैसे हे "आत आलेले पैसे" म्हणून धरतात का? आणि सीनियर्स म्हणतात गिरोकार्डशिवाय इथे चालत नाही, ते खरं आहे का?

केतकीपान

तू २४ चा आहेस, त्यामुळे तुझा पहिला प्रश्न सध्या तरी सुटला. बऱ्याच बँका २७-२८ वयापर्यंत किंवा शिक्षण चालू असेपर्यंत फी घेत नाहीत, पैसे आत येवोत न येवोत. पण वयाची अट आणि शिक्षणाची अट यांत गल्लत करू नकोस. काही ठिकाणी वय चालतं, काही ठिकाणी दर सत्राला विद्यापीठाचा दाखला पाठवावा लागतो. दाखला द्यायचा राहिला की खातं आपोआप नेहमीच्या प्रकारात जातं.

२९-३० वर्षांचे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: विद्यार्थी व्हिसासाठी दाखवायच्या पैशांचा आकडा १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ म्हणजे महिना ९९२ युरो आहे, आणि काही बँकांची मोफत खात्याची अट १,००० युरो आहे. आठ युरोंनी हुकतं. सही करण्याआधी अटीतला आकडा बघा, आणि स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आलेले पैसे धरतात की नाही हेही बघा. बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत.

कार्डाचं अनंतकाका नीट सांगतील. ते बँकेतच आहेत.

अनंत_काका (फ्रँकफुर्ट)

सांगतो. गिरोकार्ड ही जर्मनीची देशांतर्गत डेबिट कार्ड व्यवस्था. छोटी बेकरी, गल्लीतलं केशकर्तनालय, काही सरकारी कार्यालयं अजूनही फक्त गिरोकार्ड किंवा रोख घेतात, पण व्हिसा आणि मास्टरकार्डची डेबिट कार्डं घेणारी दुकानं झपाट्याने वाढली आहेत. पूर्वी गिरोकार्डावर माएस्ट्रो या आंतरराष्ट्रीय कार्ड व्यवस्थेचं चिन्ह असायचं म्हणून ते परदेशातही चालायचं. १ जुलै २०२३ पासून नवीन कार्डांवर माएस्ट्रो देणं बंद झालं. त्यामुळे नुसतं गिरोकार्ड घेऊन पॅरिसला किंवा पुण्याला गेलात तर ते चालेलच असं नाही, कार्डावर दुसरं कुठलं चिन्ह आहे ते बघा. ऑनलाइन बँका हल्ली व्हिसा डेबिट फुकट देतात आणि गिरोकार्डाचे वेगळे पैसे लावतात. डीकेबीत ते महिना ९९ सेंट आहे. तुझं विद्यापीठाचं कॅन्टीन आणि वसतिगृहातलं धुलाई मशीन कुठलं कार्ड घेतं ते विचार आणि मग ठरव.

रोख पैशांचा भाग मात्र नीट समजून घ्या. इथे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर गिरोकार्ड घातलंत तर चार-पाच युरो सहज लागतात. म्हणून बँकांनी गट केले आहेत. डॉइचे बांक, पोस्टबांक, कॉमर्त्सबांक आणि हिपोफेराइन्सबांक हे एका गटात, म्हणजे एकीचं कार्ड दुसरीच्या यंत्रावर फुकट चालतं. श्पारकासे (स्थानिक बचत बँका) आपापसात, फोल्क्सबांका (सहकारी बँका) आपापसात. श्पारकासेची यंत्रं सगळ्यात जास्त, खेड्यातही सापडतात. ऑनलाइन बँकांचं व्हिसा डेबिट बहुतेक यंत्रांवर चालतं, पण कित्येकदा एका वेळी किमान ५० युरो काढावे लागतात.

आणि एटीएम शोधत हिंडायची गरजही कमी झाली आहे. रेवे, एडेका, आल्डी, लिडल, डीएम अशा दुकानांत बिल भरताना कॅशियरकडून रोख मागता येते, २०० युरोंपर्यंत. काही ठिकाणी आधी किमान खरेदीची अट असते. ग्राहकाला याची फी लागत नाही.

अजून एक गोष्ट. "श्पारकासेची फी किती?" या प्रश्नाला उत्तर नाही. श्पारकासे ही एक बँक नाही, साडेतीनशेच्या आसपास स्वतंत्र संस्था आहेत आणि प्रत्येकीचा दर वेगळा. बर्लिनच्या मित्राने सांगितलेला आकडा आखेनला लागू नाही. काही ठिकाणी तर दर नोंदीमागे पैसे असतात, म्हणजे कॉफीचं बिल कार्डाने दिलं की तेवढे सेंट. असं खातं महिन्याच्या फीत स्वस्त दिसतं आणि रोज कार्ड वापरणाऱ्याला महाग पडतं.

कोकणकडा

काका, उणे खात्याबद्दल पण लिहा ना. मला डिस्पो आपोआप मिळाला, मागितलाही नव्हता.

अनंत_काका

डिस्पो म्हणजे खातं शून्याच्या खाली नेण्याची मुभा. पगार सुरू झाला की बँका ती देऊ करतात. व्याज साधारण अकरा टक्क्यांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून जास्त. हिशोब करून बघ: दर महिन्याला पंधरा दिवस खातं ४०० युरोंनी उणे राहिलं तर वर्षाला एकवीस-बावीस युरो व्याज. आकडा छोटा वाटतो, पण भाड्याची तारीख आणि पगाराची तारीख यांचा मेळ नसल्याने लोक वर्षानुवर्षं तो भरत राहतात. घरमालकाशी बोलून भाड्याची तारीख पुढे ढकलून घे, बहुतेक जण ऐकतात. डिस्पो नको असेल तर बंद करून मागता येतो.

बंद केलास तर एवढं लक्षात ठेव: खात्यात पैसे नसताना लास्टश्रिफ्ट आली, म्हणजे वीज, मोबाइल किंवा महिना १८.३६ युरोंप्रमाणे रेडिओ-टीव्हीची वर्गणी खात्यातून ओढायला आली, तर ती परत जाते आणि पैसे मागणारी कंपनी तिचा खर्च तुझ्यावर लावते. उलट बाजूने, तुझ्या खात्यातून कुणी चुकीची रक्कम ओढली तर आठ आठवड्यांच्या आत कारण न देता ती परत मागवता येते. तू परवानगीच दिली नसशील तर १३ महिन्यांपर्यंत.

पैठणी (न्युर्नबर्ग)

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. इथे सगळे फी वाचवण्याबद्दल लिहीत आहेत, पण मी महिना ८ युरो देते आणि आनंदाने देते. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. जर्मन येत नव्हतं, ओळख पटवायच्या व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस काय बोलतोय ते कळेना, पासपोर्ट तिरका धर, हलव, परत धर, आणि शेवटी कॉल कटला. कोपऱ्यावरच्या शाखेत गेले. तिथल्या बाईंनी समोर बसवून अर्ज भरून घेतला, टॅनचं, म्हणजे व्यवहार मंजूर करायच्या कोडचं, ॲप माझ्या फोनवर चालू करून दाखवलं, पुढच्या वेळी आले तेव्हा नावाने ओळखलं. भाड्याच्या घराचं डिपॉझिट ठेवायचं वेगळं खातंही त्यांनीच उघडून दिलं. ज्याला भाषा येते त्याने ॲपवाली बँक घ्यावी. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ९६ युरो हा वर्षभर मिळालेल्या मदतीचा मोबदला आहे, मला तो जास्त वाटत नाही.

केतकीपान

पैठणी, पूर्ण मान्य. धाग्यात हे यायलाच हवं होतं. फक्त एक जोड देते: दोन-तीन वर्षांनी भाषा आली की तेच खातं अजून हवं आहे का हे एकदा बघ. खातं बदलणं इथे वाटतं तेवढं कठीण नाही. २०१६ पासून कायद्याने नवीन बँकेला बदलाचं काम करून द्यावं लागतं. तू सही केलीस की जुन्या बँकेकडून तुझे नेहमीचे भरणे आणि लास्टश्रिफ्टांची यादी मागवली जाते आणि संबंधितांना नवा खाते क्रमांक कळवला जातो.

आणि खातं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर नाही ना? नवीन आलेल्या अनेक घरांत तसं असतं. दोघांचं संयुक्त खातं घेतलं तरी फी सहसा एकाच खात्याची लागते, आणि एक लाख युरोंपर्यंतचं ठेवीचं संरक्षण माणशी असल्याने दोघांचं मिळून दोन लाखांचं होतं. मुख्य म्हणजे बायकोच्या हातात स्वतःचं कार्ड आणि स्वतःचं लॉगिन असतं. मला हे फीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पैठणी

माझं स्वतःचं आहे :) पहिल्याच महिन्यात उघडलं.

रानवारा (बर्लिन)

फी वाढवण्याबद्दल माझा अनुभव लिहितो. माझ्या बँकेने (नाव घेत नाही) एक वर्षी लांबलचक पत्र पाठवलं: अमुक तारखेपासून फी वाढेल, दोन महिन्यांत काही बोलला नाहीत तर मान्य आहे असं समजू. मी काही बोललो नाही. फी सुरू झाली. पुढे ऑफिसमधल्या जर्मन सहकाऱ्याने सांगितलं की २७ एप्रिल २०२१ ला इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, म्हणजे बीजीएचने, नुसतं गप्प राहणं ही संमती धरता येणार नाही असा निकाल दिला आहे. ग्राहक संघटनांच्या महासंघाने पोस्टबांकविरुद्ध लढवलेला खटला होता तो. ग्राहक सल्ला केंद्राच्या, म्हणजे फरब्राउखरत्सेंट्रालेच्या संकेतस्थळावर तयार पत्राचा नमुना मिळाला. त्यात नाव, खाते क्रमांक, कुठल्या महिन्यापासून किती जास्त घेतले ते भरलं, वार्षिक फीच्या हिशोबाची प्रत जोडली आणि नोंदणीकृत टपालाने पाठवलं. जास्तीचे पैसे परत आले. सोबत नवीन करार आला, त्यावर मात्र सही मागितली होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने असंही म्हटलं की अशी फी तीन वर्षांहून जास्त काळ मुकाट्याने भरली म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही. जुन्या दाव्यांना मुदतीचा कायदा आहेच, म्हणून ज्यांना शंका आहे त्यांनी उशीर करू नये.

हल्ली ॲपमध्ये "नवीन अटी मान्य करा" असं बटण येतं. ते दाबलं की संमती झाली, मग हा निकाल उपयोगी पडत नाही. घाईत दाबू नका, एवढी कळकळीची विनंती.

कोकणकडा

रानवारा, +१. नमुना पत्र शोधतो.

माझ्या एका मित्राला दोन बँकांनी खातं नाकारलं. शुफात, म्हणजे लोकांची पतनोंद ठेवणाऱ्या संस्थेत, नोंदच नाही, आत्ताच आलाय, नोंद कुठून असणार? शिवाय त्याचे व्हिसाचे कागद अजून प्रक्रियेत आहेत. तो नातेवाइकाच्या खात्यावर पगार घ्यायचं म्हणतोय.

अनंत_काका

त्याला तसं करू देऊ नकोस, पुढे कराचे आणि ओळख पटवण्याचे नसते घोळ होतात. जून २०१६ पासून इथे बाजिसकोंटोचा कायदेशीर हक्क आहे. युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या कोणालाही, निर्वासितांना आणि पक्का पत्ता नसलेल्यांनाही, ग्राहकांना खाती देणाऱ्या बँकेने मूलभूत खातं द्यायचं असतं. शुफाची नोंद चांगली नाही किंवा नाहीच, हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. ठरावीक छापील अर्ज आहे, बाफिन या वित्तीय नियामकाच्या संकेतस्थळावर मिळतो. पूर्ण भरलेला अर्ज दिल्यावर बँकेने दहा कामकाजी दिवसांत खातं देऊ करायचं किंवा लेखी कारण देऊन नाकारायचं. नाकारलं तर बाफिनकडे दाद मागता येते.

या खात्यात उणे जाता येत नाही, बाकी कार्ड, भरणा, लास्टश्रिफ्ट सगळं चालतं. फी मात्र लागू शकते आणि ती कधीकधी नेहमीच्या खात्यापेक्षा जास्त असते. कायद्यात ती "वाजवी" हवी असं आहे, आणि २०२० मध्ये बीजीएचने डॉइचे बांकेची महिना ८.९९ युरो फी अवाजवी ठरवली होती. म्हणून बाजिसकोंटोसाठीही दोन-तीन बँकांचे तक्ते बघावेत. बाफिनने २०२५ मध्ये स्वतःचं खाते-तुलनेचं संकेतस्थळ सुरू केलं आहे, त्यात जाहिरात नाही आणि दलालीही नाही. खासगी तुलना-साइटवर वरच्या ओळींत कोण आहे यामागे पैसा असू शकतो, इथे तो प्रश्न नाही.

नाशिककर_आई

नमस्कार. माझा मुलगा ड्रेस्डेनला नोकरी करतो, आता दर महिन्याला आम्हाला पैसे पाठवणार म्हणतो. इथे त्याचं जुनं बचत खातं आहे, त्यातच टाकायला सांगू का? आणि पाठवायला कुठला मार्ग स्वस्त पडेल? मला यातलं फारसं कळत नाही.

केतकीपान

काकू, नमस्कार. तुम्ही अगदी योग्य प्रश्न विचारलात. मुलगा नोकरीसाठी परदेशात राहतो म्हटल्यावर त्याचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. एनआरओच्या व्याजावर भारतात कर कापला जातो. परदेशातली कमाई पाठवायची असेल तर त्याने वेगळं एनआरई खातं उघडावं. त्याचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि पैसे परत युरोत नेता येतात. जर्मनीत त्या व्याजाचं काय करायचं हे त्याने तिथल्या कर सल्लागाराला विचारावं. पैसे तुम्हालाच घरखर्चाला द्यायचे असतील तर सरळ तुमच्या खात्यावर पाठवले तरी चालतं. आईवडिलांना मुलाने दिलेल्या भेटीवर तुम्हाला कर लागत नाही.

स्वस्त मार्गाचं असं: पाठवायच्या दिवशी त्याने एकाच मिनिटाला दोन-तीन ठिकाणी "५०० युरो पाठवले तर नाशिकला किती रुपये पोचतील" एवढंच बघावं. फी, दर, सवलत काही वाचायची गरज नाही, हातात पडणारे रुपये बघायचे. वाइजसारख्या पैसे पाठवण्याच्या ऑनलाइन सेवा बाजारभावाने दर देतात आणि फी वेगळी दाखवतात. बँकेची स्विफ्ट, म्हणजे बँकेतून बँकेत परदेशी पैसे पाठवण्याची, पद्धत निवडली तर मधली बँकही काही रक्कम कापू शकते आणि तुमच्याकडे कमी पोचतात. भारतातल्या बँकेत युरोंचं रुपयांत रूपांतर झालं तर त्यावर जीएसटी लागतो, तो एक लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर जास्तीत जास्त १८० रुपये. तेवढ्याची काळजी करू नका. दर महिन्याऐवजी दोन महिन्यांचे एकत्र पाठवले तर ठरावीक फी अर्धी होते.

नाशिककर_आई

खूप आभार. त्याला हा धागाच पाठवते.

सिंहगड_ते_आखेन

सगळं वाचून तीन बँकांचे तक्ते डाउनलोड केले आणि वहीत ओळी पाडून लिहिले. माझ्यासाठी ऑनलाइन बँक ठीक वाटतेय, २८ पर्यंत फी नाही. गिरोकार्ड घेत नाही, कॅन्टीनला विद्यापीठाचंच कार्ड चालतं. एकच शंका उरली. रूममेटचं खातं दुसऱ्या युरोपीय देशातलं आहे, क्रमांक डीई ने सुरू होत नाही. जिमवाला म्हणतो जर्मन क्रमांकच हवा. मग त्यालाही इथे खातं उघडावं लागेल का?

अनंत_काका

नाही. सेपा, म्हणजे युरोतल्या भरण्यांच्या युरोपीय क्षेत्रातला कुठलाही आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) चालवून घेणं बंधनकारक आहे, २०१२ च्या युरोपीय नियमावलीचं नववं कलम. रूममेटला जिमला तेवढं एक वाक्य ईमेल करायला सांग. तरी ऐकलं नाही तर वेटबेवेर्ब्सत्सेंट्राले या अनुचित व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेकडे अशा तक्रारी घेतात. आणि युरोतले भरणे एका देशातून दुसऱ्या देशात केले तरी देशांतर्गत भरण्याइतकीच फी लागते, जास्त नाही. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना तत्काळ भरणाही साध्या भरण्याच्याच दरात द्यावा लागतो, आणि पैसे पाठवण्याआधी नाव आणि क्रमांक जुळतात का हे फुकट तपासून दाखवावं लागतं. नाव जुळत नाही असं दिसलं तर पैसे पाठवू नका. घरभाड्याच्या फसवणुकीत नवीन मुलं तिथेच सापडतात.

केतकीपान

काका, घरभाड्याच्या फसवणुकीवर वेगळा धागा काढाल का? इथे पुढे फक्त फीचे तक्ते टाकूया. ज्यांनी यंदा खातं उघडलं त्यांनी गाव, खात्याचा प्रकार, फी माफ होण्याची अट आणि तक्त्यावरची तारीख एवढं लिहा. तारीख नसलेला आकडा टाकू नका, दर बदलत राहतात.